ग्लाउअरला मराठीत काय म्हणायचं

४ फेब्रुवारी

सौ. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

तुझं पुडकं काल पोचलं. आत निघालं ते असं: सासूबाईंच्या डॉक्टरांच्या कागदाची नक्कल, एक. डोळ्यांच्या औषधाची रिकामी बाटली, एक. लोकरीचे मोजे, एक जोड, म्हणजे मीच विणलेले, 'इथे थंडी नाही' अशा चिठ्ठीसकट परत. आणि तुझं पत्र, दीड पान. तिकिटं कमी लावली होतीस. पोस्टमनने राहिलेले बारा आणि दंडाचे बारा माझ्याकडून मोजून घेतले. म्हणजे माझेच मोजे मला परत मिळायला चोवीस पडले. वहीत कोणत्या खात्यावर लिहावे हा प्रश्न होता. शेवटी 'धाकटी' असं नवं खातं उघडलं.

सासूबाईंच्या दुसऱ्या डोळ्याचीही पट्टी निघाली हे वाचून देवाला हात जोडले. त्या ऑपरेशनसाठी तुझ्याकडे आल्यापासून रोज दिवा लावल्यावर त्यांच्या डोळ्यांसाठी जपाची एक माळ जास्तीची करत होते. आता ती बंद करायला हरकत नाही, पण सवय लागली आहे, चालू ठेवते. कागदावर डॉक्टरांनी महिनाअखेर प्रवास चालेल असं लिहिलं आहे. त्याप्रमाणे यांनी रजेचा अर्ज दिला. हे येऊन त्यांना घेऊन जातील.

त्यांचं काही मागे राहिलं असेल अशी शंका ठेवू नकोस. जाताना त्यांची एकूण एक वस्तू मी स्वतः पेटीत भरली. कपडे, शाल, उशी, ताट, वाटी, त्यांचा पूजेचा देव. मागाहून हे राहिलं ते राहिलं म्हणून पुडकी धाडत बसायचं म्हणजे दर वेळी टपाल. पेटीला भाडं एकदाच.

घ्यायला कोणत्या तारखेला यायचं ते कळवणे.

तुझी,
मोठी जाऊ

११ फेब्रुवारी

तीर्थरूप जाऊबाईंस, साष्टांग नमस्कार.

तिकिटांची चूक माझी. कचेरीतून निघताना घाईत टाकलं. ते चोवीस माझ्याच खात्यावर राहू द्या. बाटली मुद्दाम पाठवली, औषधाचं नाव तुम्हाला हवं होतं ते तिच्यावर छापलं आहे.

आईंचे डोळे उत्तम. समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या दोरीवर फाटका टॉवेल वाळत घातला आहे, तो त्यांनी मला इथून दाखवला. शिवाय माझ्या माळ्यावरची जळमटं.

आता एक गंमत सांगते. आमच्या कचेरीत शाळेच्या मुलांसाठी इंग्रजी-मराठी कोश चालला आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. सध्या आम्ही 'जी' या अक्षरात आहोत. एका कार्डावर एक शब्द, आणि कार्डं घरी आणून त्यावर मराठी अर्थ लिहायचा. परवा 'ग्लाउअर' निघाला. संपादकांनी पेन्सिलीने 'रागाने पाहणे' लिहून ठेवलं होतं. पण त्याच्या आधीच्या 'ग्लेअर'वरही तेच लिहिलेलं. दोन्हींचा अर्थ एकच, तर पोरं विचारणार, मग दोन शब्द पाठ कशाला करायचे? मी कार्ड हातात धरून बसले. आई समोर भाजी निवडत होत्या. सहज विचारलं, "आई, कुणी रागाने बघतं त्याला काय काय म्हणतात हो?"

"कोण बघतं?"

"कुणीही."

"कुणीही कसं चालेल? कोण कुणाकडे बघतं त्यावर असतं ते सगळं."

आणि सुरू झाल्या. डोळे वटारायचे ते पोरांवर, आत राग नसला तरी चालतो. नवऱ्याकडे रोखून बघायचं, म्हणजे तो वर्तमानपत्र खाली ठेवतो. शेजारणीकडे खाऊ की गिळू असं बघायचं, पण ती पाठमोरी असताना. डोळ्यांतून आग ओकणं हे नाटकवाल्यांचं काम, घरात एवढा वेळ कुणाला असतो? मी म्हटलं, "आणि एका जागी बसून, न बोलता, कितीतरी वेळ रागाने बघत राहणं?"

त्यांचा हात थांबला. म्हणाल्या, "ते धुमसत बघणं. ओलं लाकूड धुमसतं ना, तसं. भडका नाही, विझणंही नाही. ज्याला सांगून उपयोग नाही त्याच्याकडे तसं बघतात."

मी जसंच्या तसं कार्डावर उतरवलं. संपादक वाचून खुर्चीतून उठले. म्हणाले, या बाईंना सोडू नका! तेव्हा विनंती अशी की आईंना आणखी काही दिवस इथे राहू द्यावं, निदान 'एच' लागेपर्यंत. त्यांना विचारलं, तर 'मला काय घाई आहे' म्हणाल्या.

आपली,
धाकटी

१५ फेब्रुवारी

सौ. धाकटीस, आशीर्वाद.

पत्र वाचून फार आनंद झाला. इतका की दोनदा वाचलं आणि गॅसवरची भाजी करपली. करपलेली मी खाल्ली, वरची यांना वाढली.

मी या घरात आले तेव्हापासून सासूबाई स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकून बसतात आणि माझ्याकडे बघतात. सकाळी बघतात, दुपारी बघतात. बोलायच्या किती, तर 'मीठ', 'झाकण', 'जळतंय'. एखादे दिवशी तिन्ही एकदम आले तर मी समजायची की आज मन प्रसन्न आहे. तेल मोजून ओतायला मी त्याच नजरेखाली शिकले. आणि तुझ्याकडे दोन महिने राहिल्या नाहीत तोवर वटारणं वेगळं, रोखणं वेगळं, धुमसणं वेगळं! एवढे शब्द त्यांच्यापाशी होते तर ठेवले कुठे होते? पेटी मी भरली. तीत तर दिसले नाहीत.

तू त्यांना काय देतेस गं? पुडक्यातल्या पत्रात लिहिलं होतंस, तुझा चहा त्यांना आवडतो, रंग छान येतो म्हणतात. येणारच. तू पूड दुप्पट टाकतेस. मलाही टाकता येते. माझ्या चहाला त्या कधी बरं म्हणाल्या नाहीत आणि वाईटही म्हणाल्या नाहीत. कप रिकामा करून ठेवायच्या, तेच माझं बक्षीस.

त्या तुझ्याही सासूबाई आहेत हे मला मान्य आहे. पण सुट्टीपुरत्या. आजारपणं कुणी काढली, पथ्यं कुणी सांभाळली, हे मी लिहीत नाही, देव बघतो. आणि एक गोष्ट तुला कुणी सांगितली नसेल, कारण सांगणार कोण. मॅट्रिकला आमच्या शाळेत इंग्रजीत मी पहिली आले होते. 'ग्लाउअर' मला त्यांना विचारता आला असता. मी विचारला नाही, कारण तेव्हा दूध उतू जात होतं.

यांची रजा मंजूर झाली आहे. रजा पुन्हा मिळत नाही. तारीख कळवणे.

मोठी

२१ फेब्रुवारी

तीर्थरूप जाऊबाईंस, सा. नमस्कार.

तुम्ही इंग्रजीत पहिल्या आलात हे खरंच ठाऊक नव्हतं. मग कार्डाच्या मागच्या बाजूचं तुम्हालाच लिहून कळवते. हे कोशात छापणार नाहीत, तेवढी जागा नाही.

'ग्लाउअर' हा उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखातल्या लोकांच्या बोलीतून इंग्रजीत आलेला दिसतो. त्याच्याही आधी तो दर्यावर्दी लोकांबरोबर समुद्र ओलांडून आला असावा असा तर्क आहे. खात्री कुणालाच नाही, मोठमोठे कोश इथे 'बहुधा' लिहून हात झटकतात. पण एक नक्की. मुळात या शब्दात राग नव्हता. डोळे विस्फारून, टक लावून बघणं, एवढंच. आणखी मागे गेलं तर चकाकणं असाही अर्थ असेल. राग पुष्कळ उशिरा शिरला. 'ग्लेअर'चंही तसंच, आधी नुसता झगझगीत उजेड, डोळे दिपवणारा, मग माणसाची नजर. फरक इतकाच की 'ग्लेअर' भसकन येतो आणि 'ग्लाउअर' बसून राहतो. आईंचा 'धुमसत' म्हणूनच चपखल आहे.

आमच्याकडे आणखी एक नियम आहे. उदाहरणाचं वाक्य मनाने रचायचं नाही, डोळ्यांनी पाहिलेलं लिहायचं. रचलेली वाक्यं मुलांना ओळखू येतात, असं संपादक म्हणतात. मी आईंना म्हटलं, तुमच्या शब्दाला तुम्हीच वाक्य द्या. त्यांनी लगेच दिलं: 'म्हातारी पेटीकडे धुमसत बघत होती.' संपादकांनी विचारलं, पेटीकडे कुणी कशाला बघेल? मी म्हटलं, बघतात. दुपारचं आवरलं की आई आपल्या पेटीसमोर येऊन बसतात आणि बघतात. पेटी भिंतीशी आहे तशीच आहे, कपडे तेवढे लागतील तसे काढतात. डॉक्टरांनी दूरचं-जवळचं बघायला सांगितलं आहे, तसला काही व्यायाम असेल.

रजेचं भावोजींना सांगा, एवढी दगदग कशाला. एप्रिलमध्ये बघू. तोवर ऊनही सोसेल त्यांच्या डोळ्यांना.

आपली,
धाकटी

२५ फेब्रुवारी

सौ. धाकटीस,

आशीर्वाद आहेतच.

एप्रिलमध्ये बघू म्हणतेस. एप्रिलमध्ये मे म्हणशील. ऊन एप्रिलमध्ये कमी होतं हे मी तुझ्याकडूनच ऐकलं.

मुळात नुसतं टक लावून बघणं होतं, राग उशिरा शिरला, हे तुझं मला पटलं. तू लग्न होऊन आलीस तेव्हा मी तुझ्याकडे तशीच बघत राहिले होते. पुस्तकांची खोकी घेऊन आलेली नवरी मी पाहिली नव्हती. तीन खोकी. ती माळ्यावर चढवायला मीच हात लावला. मला वाटलं होतं, ही वाचेल, मला सांगेल, आम्ही दोघी काम करता करता बोलू. तुम्ही वेगळं घर केलंत आणि खोकी उतरवायलाही मीच हात लावला. राग त्यानंतर शिरला. आता देवापुढे डोळे मिटले की तुझ्या घराची खिडकी दिसते आणि तिच्याशी तुम्ही दोघी. तू विचारतेस, त्या सांगतात. मंत्र अर्धा राहतो. हे पाप कुणाच्या खात्यावर लिहायचं?

पण मी वेडी नाही. पेटीकडे बघून डोळ्यांचा व्यायाम करायला सांगणारा डॉक्टर अजून जन्माला यायचा आहे. त्या पेटीत मी भरलेल्या वस्तूंशिवाय काही नाही. त्यांना तीत काय सलतं? तू तीन पानं शब्दाची जन्मकुंडली लिहिलीस आणि हे एक विचारलं नाहीस, यावर माझा विश्वास बसत नाही. विचारलं असशील. मला सांगत नाहीस.

आता त्यांना विचार आणि त्या बोलतील तसं लिहून पाठव. उतरवून घ्यायची तुला सवय आहे. तुला त्या ठेवून घ्यायच्या असतील तर तसं सरळ म्हण. माझ्या घरातलं माणूस असं 'एच'पर्यंत, 'आय'पर्यंत करत नेऊ नकोस.

मोठी

२ मार्च

जाऊबाई, सा. नमस्कार.

तुमचं पत्र आईंना वाचून दाखवायला लागले, तर त्यांनी ते हातातून काढून घेतलं आणि स्वतः वाचलं. दोन्ही बाजूंनी. मग म्हणाल्या, "लिहायचा हात मोडलाय माझा. तू घे लिहून. एक शब्द गाळलास तर मला आता दिसतं, लक्षात ठेव." गाळलेला नाही. पुढचं त्यांचं.

"मोठीला आशीर्वाद. लिहिलास? रागात असलं तरी तो आधी द्यायचा असतो.

"मोजे मी परत पाठवले. हिने नाही. चिठ्ठी तेवढी हिच्याकडून लिहवून घेतली. म्हटलं, बघू विचारते का, का परत आले म्हणून. तू खर्च कळवलास.

"पेटीचं सांगते. पहिल्या डोळ्याला पट्टी होती आणि दुसऱ्याने तेव्हा काही दिसत नव्हतं. पेटी मी हातांनी चाचपली. शाल आली, ठीक आहे. उशी आली. म्हटलं, उशी कशाला? मग ताट लागलं. वाटी लागली. तळाशी फडक्यात गुंडाळलेला देव लागला. डोळे दाखवायला जाणारं माणूस ताट नेतं का? देव नेतं का? घर सोडून जाणारं माणूस नेतं. खुर्ची तेवढी आली नाही. मावली नसेल.

"तेव्हापासून मी त्या पेटीकडे बघते आहे. देव काढला नाही बाहेर. त्याला कुठे मांडायचं तेच कळेना. इथे मांडला म्हणजे इथलीच झाले.

"हिला ठाऊक आहे. पहिल्या आठवड्यातच मी हिला म्हटलं, मोठीने मला घालवून दिलं गं. ही म्हणाली, असू दे आई, इथेच राहा. मला वाटलं, तुम्हा दोघींचं आधीच ठरलंय. काय गं, थांबलीस का? लिही. 'ही' म्हणजे तूच, लिही. आता म्हणते, ठरलं नव्हतं. कान लाल झालेत हिचे. तेही लिही.

"ही वाईट नाही. नवरा फिरतीवर, दिवसभर कार्डांशी बोलते. मी आले तर माणूस मिळालं. पण ते तुला सांगायला हवं होतं, ते हिने नाही केलं.

"आणि शब्दांचा मत्सर कशाला करतेस? ते मला तुझ्याच दाराशी बसून सुचलेले आहेत. दुसरं होतं काय मला बघायला? दिसायचं धूसर, तेव्हा तू म्हणजे एक हलणारा निळा रंग. तो कुठे गेला, काय करतो, हे बघत दिवस जायचा. तू कधी मान वळवून विचारलं नाहीस, काय बघता म्हणून.

"मला घालवून दिलंस का? हो की नाही. हिशोब नको. संपलं. खाली तुझं नाव घाल, माझं घालू नकोस, मी सही केलेली नाही."

जाऊबाई, वरचं सगळं खरं आहे. माझ्या बाजूने सांगण्यासारखं फार नाही. रोज जेवताना त्या तुमच्या हातच्या चवीची आठवण काढतात, हेही मी तुम्हाला कळवलं नव्हतं. कळवायचंच नव्हतं. त्या तुमची आठवण काढतात तेव्हा मलाही बघावं लागतं, आणि मीही काही फार प्रेमाने बघत नव्हते.

धाकटी

५ मार्च

तीर्थरूप सासूबाईंस, साष्टांग नमस्कार.

नाही.

हिशोब नको म्हणालात म्हणून आधी तेवढंच लिहिलं. आता जे लिहिते तो हिशोब नाही, झालं ते आहे. उशी दिली, कारण परक्या उशीवर तुमची मान धरते. ताट दिलं, कारण दुसऱ्या ताटाची कड उंच असते आणि तुमचा हात अडखळतो. देव दिला, कारण डोळ्यांवर पट्टी असताना कशापुढे हात जोडणार? मागाहून पाठवलं असतं तर दर वेळी टपाल पडलं असतं, हे खरं, तो विचार मी केला. मला सगळं एकदम बांधून द्यायची सवय. माझ्या माहेरून मला निरोप दिला तेव्हाही असंच सगळं एकदम बांधून दिलं होतं आणि मीसुद्धा गाडीत बसून रडले होते. ते मला पेटी भरताना आठवायला हवं होतं. आठवलं नाही.

खुर्चीचं खोटं कशाला सांगू. तिचंही भाडं विचारून आले होते. तिथे खिडकीशी बसायला होईल म्हणून. जास्त सांगितलं म्हणून ठेवली. तुम्ही पुन्हा रागावणार असाल तर रागवा.

आता माझा राग. धाकटीवर मी चिडले आहे आणि ते इतक्यात उतरायचं नाही. माळ ओढते तरी उतरत नाही. तिने जे केलं ते तिच्या जागी असते तर मीही केलं असतं, म्हणून जास्तच चिडले आहे. पण तुमच्यावरही आहे. दाराशी बसून तुम्ही बघत होता आणि मी वळले नाही, कबूल. मला वाटायचं, तेल बघताहेत. मी दर वर्षी थोडं कमी ओतत गेले. तुम्ही एकदा 'अगं' म्हणाला असतात तर मी गॅस बंद करून आले असते. पेटीचं मनात धरून इतके दिवस बसलात, मला दोन ओळी लिहिल्या नाहीत, मोजे धाडलेत. मोजे काय बोलणार?

रजा मी यांची परत करवली. हे येऊन नुसते पेटी उचलतील आणि वाटेत झोपतील. मीच येणार आहे. यांना पोळून घेतल्याशिवाय चहा करता येत नाही, तो दोन दिवस करोत. इतक्या वर्षांत मी धाकटीच्या घरात पाऊल टाकलेलं नाही, पण ते बघून घेईन. फक्त मी दारात उभी राहिले आणि तुम्ही तोंड फिरवलंत, तर मला तिच्यासमोर ते सोसवणार नाही. म्हणून आधी विचारते. पाठवणी नव्हती, हे तुम्हाला पटलं का? आणि पटलं असेल तर घरी येता का? तिथेच राहायचं मन झालं असेल तर तसं लिहा. मी रडेन, भांडेन, पण पुन्हा विचारणार नाही.

माझं पत्र तुम्ही दोन्ही बाजूंनी वाचलंत, असं धाकटीने कळवलं आहे. वाचता येतं त्याला लिहिता येतं. हात मोडलेला नाही, आळसावला आहे. अक्षर वाकडं येईल, ओळ खाली घसरेल, येऊ दे. मी लावून घेईन. हे उत्तर मला तिच्या अक्षरात नको. त्यात ती सुंदर लिहिते आणि मग मला कळत नाही की किती तुमचं आणि किती तिचं.

एकच शब्द लिहिलात तरी पुरे. पत्र हातात पडताच उलट टपाली कळवा. मी पिशवी भरून ठेवते आहे.

आपली,
मोठी